दहा कॅपचं कोटेशन आणि दोन व्हिनियर: सोलापुरातलं एक प्रकरण

पेशंट: मुलगी, वय २४. काम: शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शिलाई. तक्रार तिच्याच शब्दांत: "मॅडम, पुढचे दात डागाळलेत. हसू आलं की हात आपोआप तोंडावर जातो ओ." दुसरा कसला आजार नाही, औषधं चालू नाहीत, तंबाखू-मिश्री नाही. दात दिवसातून एकदा, सकाळी, जोर लावून घासायची सवय.

हे प्रकरण मी, तिची दंतवैद्य, तिच्या परवानगीने लिहिते आहे आणि तिची ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही. लिहायचं कारण असं, की व्हिनियरबद्दल, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायच्या पातळ कवचाबद्दल, आज जे दिसतं ते फक्त 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोत दिसतं. मधला भाग, म्हणजे दात किती घासला, का घासला, न घासता काय जमलं असतं, हे फोटोत येत नाही. दाताचं खरं भवितव्य ठरतं ते त्या मधल्या भागात.

दिवाळी सरल्यावर ती आईबरोबर आली. हातात दुसऱ्या एका दवाखान्याचं कोटेशन होतं: वरच्या दहा दातांना झिरकोनियाच्या (एका कठीण पांढऱ्या सिरॅमिकच्या) कॅप, म्हणजे दात चहूबाजूंनी घासून त्यावर चढवायच्या टोप्या, दोन बैठकांत काम पूर्ण. मोबाईलमध्ये साठवून ठेवलेल्या रील्स होत्या. पर्समध्ये ऑनलाईन मागवलेली प्लास्टिकची दातांची पट्टीही निघाली. खऱ्या दातांवर चढवायची, फोटोपुरती, तीनशे-चारशे रुपयांत मिळते तसली. ती लावून बोलता येत नव्हतं, म्हणून तिने ती बाजूला टाकली होती.

आई आणि मुलगी यांची गरज एकच नव्हती. आईचं म्हणणं, माघात पाहुणे बघायला येणार आहेत, त्याआधी उरका. मुलीचं म्हणणं वेगळं. कारखान्याच्या मालकांनी तिला मशीनवरून उठवून बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना गणवेशाचे नमुने दाखवायच्या कामावर घ्यायचं ठरवलं होतं. सोलापूरच्या गणवेशाला देशभरातून मागणी आहे, व्यापारी येत-जात असतात. दिवसभर माणसांशी बोलायचं काम. पगार वाढणार होता. "त्यांच्याशी तोंड झाकून कसं बोलू?" हा तिचा प्रश्न मला पाहुण्यांच्या प्रश्नापेक्षा वजनदार वाटला आणि तसं मी दोघींसमोर बोललेही.

तपासणीत दिसलं ते असं. वरच्या सहा पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि ढगाळ डाग. पटाशीच्या मधल्या दोन दातांवर त्यांच्या जोडीला तपकिरी डाग, बारीक खड्डे आणि कडेला दोन स्पष्ट खाचा. शेजारच्या दोन दातांवर फिकट तपकिरी रेघ. सुळ्यांवर फक्त टोकाच्या बाजूला पांढुरके ठिपके. पहिल्या दाढांवर पांढरेपणा होता. उपदाढा, म्हणजे सुळ्यांमागच्या लहान दाढा, आणि दुसऱ्या दाढा मात्र स्वच्छ, चकचकीत. कीड नाही. थंडाची चाचणी केली तर सगळे दात जिवंत. एक्स-रे नीट. दातांच्या जुळणीत दोष नाही, रात्री दात खाण्याच्या खुणा नाहीत. हिरड्या मात्र सुजलेल्या, तपासायची सळई (प्रोब) लावताच रक्त, खालच्या पुढच्या दातांमागे टार्टरची, म्हणजे साचून कडक झालेल्या थराची, भिंत.

हे डाग फ्लोरोसिसचे होते. पाण्यातलं जास्तीचं फ्लोराईड दात घडत असतानाच इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, बिघडवतं. दात एकदा तोंडात आला की त्याला फ्लोरोसिस होत नाही. म्हणून कोणते दात डागाळले आणि कोणते सुटले यावरून ते पाणी मूल कोणत्या वयात प्यायलं हे बरंचसं सांगता येतं. वरच्या मधल्या दातांचा शिखरभाग, म्हणजे हिरडीबाहेर दिसणारा भाग, जन्मानंतर तीन-चार महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंत घडतो, पहिल्या दाढांचा जन्मापासून अडीच-तीन वर्षांपर्यंत, सुळ्यांचा सहा-सात वर्षांपर्यंत. सुळ्याचं टोक आधी घडतं आणि हिरडीकडचा भाग शेवटी. उपदाढा आणि दुसऱ्या दाढा घडायला या सगळ्यांहून उशिरा सुरुवात होते. हिच्या सुळ्यांची टोकं डागाळलेली, हिरडीकडचा भाग स्वच्छ, उपदाढा निर्मळ. मी आईला विचारलं, "मावशी, ही तीन-चार वर्षांची होईपर्यंत तुम्ही दुसरीकडे राहत होता का?"

मावशी चकितच झाल्या. बाळंतपणाला माहेरी गेल्या त्या मुलगी चार वर्षांची होईपर्यंत तिथेच होत्या. माहेर सीमेपलीकडे, विजयपूर जिल्ह्यात. घरचं बोअर, तेच पिण्याला, तेच स्वयंपाकाला. उत्तर कर्नाटकातल्या या पट्ट्यात भूजलात फ्लोराईड जास्त असल्याची नोंद जुनी आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराईड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. पुढे त्या सोलापुरात परतल्या आणि उजनीचं नळाचं पाणी आलं. धरणाच्या पाण्यात फ्लोराईड सहसा खोल बोअरपेक्षा कमी असतं. मुलीचे उरलेले दात वाचले ते त्यामुळे. तिला इतकी वर्षं वाटत होतं की आपण दात नीट घासत नाही म्हणून हे डाग. जोर लावून घासायचं मूळ तिथे होतं. हा तिचा दोष नव्हता, हे त्या दिवशी तिला सांगता आलं याचं मला फार समाधान आहे.

पण मग मधले दोनच दात शेजाऱ्यांपेक्षा इतके खराब का? फ्लोरोसिस डाव्या-उजव्या बाजूला सारखा असतो, त्यामुळे तो हिशेब जुळत होता. तरी खड्डे आणि खाचा फ्लोराईडने एकट्याने केल्या नव्हत्या. फ्लोरोसिसचं इनॅमल वरून कठीण वाटलं तरी त्याच्या खाली ते सच्छिद्र असतं. त्यावर ताण आला की ते बारीक बारीक तुटतं आणि खड्डे पडतात. मी तिला विचारलं, शिवताना धागा कशाने तोडतेस? तिने उत्तर न देता दात दाखवले. शिलाईचं काम करणाऱ्या पुष्कळ बायकांच्या पुढच्या दातांत ही खाच मी पाहिली आहे. कात्री उचलायची तर हात मशीनवरून काढावा लागतो आणि नगावर मजुरी असली की तेवढाही वेळ परवडत नाही.

अमेरिकन संशोधक ट्रेंडली डीन यांनी १९३४ साली फ्लोरोसिस मोजायची पद्धत मांडली आणि १९४२ मध्ये ती सुधारली. त्यात तोंडातल्या सर्वांत बाधित दोन दातांवरून दर्जा ठरतो. खड्डे असतील तर 'गंभीर'. कागदावर ही मुलगी गंभीर प्रकारात बसत होती. पण उपचार दर्जाला करायचा नसतो, एकेका दाताला करायचा असतो. दोन दात खराब होते, दोन मध्यम, दोन किरकोळ. कोटेशनमध्ये मात्र दहाही दात एकाच मापाने घासायचे होते, त्यातले चार तर निर्मळ उपदाढा.

व्हिनियरचा इतिहास इथे सांगायला हवा, कारण तो मी तिलाही सांगितला. १९२८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातले दंतवैद्य चार्ल्स पिंकस हॉलिवूडच्या नटनट्यांच्या दातांवर पातळ कवच बसवत. कवळीच्या पावडरीने चिकटवायचं, चित्रीकरण संपलं की काढून ठेवायचं. टिकाऊ चिकटवण्याचा मार्गच तेव्हा नव्हता. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं की फॉस्फरिक आम्लाने इनॅमल खरवडलं तर त्यावर प्लास्टिकसारखं रेझिन घट्ट धरतं. १९८० च्या दशकात सिरॅमिकची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरवडून चिकटवायची पद्धत आली आणि आजचं व्हिनियर जन्माला आलं. तिच्या पर्समधली प्लास्टिकची पट्टी पिंकस यांच्या कवचाची वारसदार, कॅमेऱ्यापुरती. आज आपण लावतो ते व्हिनियर काढून ठेवता येत नाही, आणि ज्यासाठी दात घासला आहे ते व्हिनियर पुढे कधी निघालं तरी त्या जागी पुन्हा काहीतरी बसवावंच लागतं. इनॅमल परत उगवत नाही.

वरच्या पुढच्या दाताचं इनॅमल हिरडीजवळ जेमतेम ०.३ ते ०.५ मिलिमीटर असतं, मध्यावर ०.६ ते १ मिलिमीटर. सगळा खेळ एवढ्यात. व्हिनियर इनॅमलवर चिकटलं तर वर्षानुवर्षं धरून राहतं. इनॅमल संपून खालचं डेंटिन उघडं पडलं की पकड कमी होते आणि ठणक लागते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडलहॉफ आणि सोरेन्सन यांच्या मोजणीत व्हिनियरसाठी दाताच्या शिखरभागाचा ३ ते ३० टक्के भाग जातो असं दिसलं. पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. म्हणजे कॅप लावायची तर चोवीस वर्षांच्या मुलीच्या धडधाकट दाताचा दोन तृतीयांश भाग काढून टाकायचा. नस जिवंत राहील याची खात्री नाही, म्हणून काही ठिकाणी आधीच रूट कॅनाल करून घेतात. त्या कोटेशनमध्येही 'आरसीटी (म्हणजे रूट कॅनाल) गरजेनुसार' अशी ओळ होती. ही ओळ वाचून मला राग आला. किडका दात असता, तुटका असता, तर कॅपला माझी ना नाही. कॅपने असे कितीतरी दात वाचले आहेत. इथे दहाच्या दहा दात जिवंत होते.

आणखी एक हिशेब वयाचा. नीट केलेल्या सिरॅमिक व्हिनियरपैकी दहा वर्षांनी नव्वद टक्क्यांहून अधिक जागेवर असतात, असं चांगल्या अभ्यासांत दिसतं. पंचावन्नाव्या वर्षी लावली तर हा आकडा समाधानाचा. चोविसाव्या वर्षी लावली तर आयुष्यात ती दोनदा, कदाचित तीनदा बदलावी लागणार, आणि प्रत्येक बदलात जुनं घासून काढताना खालचा दात आणखी थोडा जाणार. दहा दात गुणिले तीन वेळा. खर्चाचा भाग तर आहेच. आमच्याकडे एका सिरॅमिक व्हिनियरला जे पैसे पडतात ते शिलाई करणाऱ्या मुलीची महिन्याची कमाई घेऊन जातात.

मावशींना हे पटायला वेळ लागला. "पण ते दोन बैठकांत देतो म्हणाले की ओ." त्यांच्या बोलण्यात घाई होती तशी काळजीही होती. मी त्यांना त्याच खुर्चीवर बसवलं, कारण बोलताना त्यांच्या हिरड्या दिसल्या होत्या. दिवसातून तीन-चारदा मिश्री. खालच्या ओठाच्या आत, मिश्री धरतात तिथेच, पांढरट सुरकुतलेली त्वचा. बोटांना कडक लागत नव्हती, जखम नव्हती, तरी मी त्यांना तोंडाच्या विकारांच्या तज्ज्ञाकडे पाठवलं आणि मिश्री बंद करायला सांगितलं. मुलीच्या हसण्यासाठी आलेल्या बाईच्या तोंडात त्याहून तातडीचं काही सापडावं, हे आपल्या भागात नवीन नाही. पेशंटबरोबर येणाऱ्या माणसाच्या तोंडात टॉर्च मारायला दोन मिनिटं लागतात. प्रत्येक दंतवैद्याने ती द्यावीत.

ठरलं ते असं: आधी हिरड्या, मग जे न घासता होईल ते सगळं, आणि शेवटी जे उरेल त्याला व्हिनियर. कोणत्या दाताला व्हिनियर लागेल हे आज ठरवायचंच नाही.

टार्टर काढला, मऊ ब्रश दिला, रात्रीचं घासणं सुरू केलं. दोन-तीन आठवड्यांत रक्त थांबलं. सुजलेल्या हिरडीवर व्हिनियरचं माप घेतलं तर सूज उतरल्यावर कड उघडी पडते, म्हणून हे काम मागेपुढे करता येत नाही.

नंतर ब्लीचिंग. तिच्या दातांच्या मापाचे पातळ ट्रे बनवले आणि १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल रात्री वापरायला दिली. तीन आठवडे. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की पहिल्या काही दिवसांत पांढरे डाग जास्तच पांढरे दिसतील, घाबरायचं नाही. तरी चौथ्या-पाचव्या दिवशी फोन आलाच. दात मुळातून उजळत जातो तसतसा डाग आणि बाजूचा भाग यांतला फरक कमी होतो, त्याला थोडा धीर लागतो. थंड पाण्याची ठणक आली, पोटॅशियम नायट्रेटच्या पेस्टने सोसण्याइतकी झाली. तीन आठवड्यांनी शेजारच्या दोन दातांवरची तपकिरी रेघ जवळजवळ गेली. उरलेली मायक्रोअॅब्रेजनने, म्हणजे सौम्य आम्ल आणि बारीक कणांच्या पेस्टने हलकेच घासून काढली. त्यात जातो तो इनॅमलचा अगदी पातळ, वरवरचा थर.

ब्लीचिंगनंतर लगेच काही चिकटवायचं नसतं. दातात अडकलेला ऑक्सिजन रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. निदान दोन आठवडे थांबावं लागतं. आईच्या दृष्टीने हे दोन आठवडे वाया गेले. माझ्या दृष्टीने याच काळात रंग स्थिर होतो आणि व्हिनियरची शेड खरी ठरते.

पुढची पायरी रेझिन इन्फिल्ट्रेशनची, आणि या प्रकरणात मला सगळ्यांत आवडलेली. पांढरा डाग हा रंग नसतो. इनॅमलमधल्या सूक्ष्म पोकळ्यांत पाणी किंवा हवा असते, तिथे प्रकाश विखुरतो आणि डोळ्याला पांढरं दिसतं. प्रकाशाचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, निरोगी इनॅमलमध्ये १.६२ च्या आसपास, पाण्यात १.३३, हवेत १. त्या पोकळ्यांत इनॅमलच्या जवळ जाणारं, सुमारे १.५ वक्रीभवनांकाचं पातळ रेझिन भरलं की प्रकाश पुन्हा सरळ जाऊ लागतो आणि डाग नाहीसा होतो. रबर डॅम (दात कोरडे ठेवायचा रबरी पडदा) लावला, १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल दोन मिनिटं, धुतलं, वाळवलं, अल्कोहोलचा थेंब लावला. या थेंबाने डाग मिटताना दिसला तर रेझिनने मिटेल असं समजायचं, न दिसला तर आम्ल पुन्हा लावायचं. फ्लोरोसिसचं वरचं कवच आम्लाला दाद देत नाही, त्यामुळे तिला एकाहून जास्त वेळा लावावं लागलं. शेजारचे दोन्ही दात छान मिटले. डावा सुळा मिटला. उजव्या सुळ्याचा एक ठिपका खोल होता, तो फिका झाला पण गेला नाही.

मधल्या दोन दातांवर डाग निवळले, पण खड्डे आणि खाचा राहिल्या. गेलेलं इनॅमल ब्लीचने किंवा इन्फिल्ट्रेशनने भरत नाही. इथे दोन पर्याय होते, कंपोझिट (दाताच्या रंगाचं रेझिन) किंवा सिरॅमिक. कंपोझिट स्वस्त, एका बैठकीत होतं, तुटलं तर दुरुस्त होतं. पण त्याची चकाकी काही वर्षांत उतरते, चहा-हळदीने ते डागाळतं आणि कडेच्या खाचेत लवकर टवका उडतो. दोन्हींचे फायदे-तोटे मी तिला कागदावर लिहून दिले आणि घरी विचार करायला सांगितलं. तिने सिरॅमिक निवडलं. मीही तेच सुचवलं असतं, पण निवड तिची असणं गरजेचं होतं.

दात घासायच्या आधी मॉकअप केला: मेणात बनवलेला नवा आकार तात्पुरत्या रेझिनने थेट दातांवर चढवायचा. ती आरशासमोर बोलली, हसली, 'फ' आणि 'व' म्हणून दाखवलं. वरच्या दातांची लांबी जास्त झाली की हे दोन वर्ण आधी बिघडतात. लांबी थोडी कमी केली. मग त्या मॉकअपच्या वरूनच खोलीच्या खुणा केल्या, म्हणजे नव्या आकारापासून मोजून जेवढं लागतं तेवढंच घासलं जातं. हिरडीजवळ ०.३ मिलिमीटर, मध्यावर ०.५. कडेला खाचांमुळे जागा मुळातच रिकामी होती, तिथे फक्त गुळगुळीत केलं. दोन्ही दातांचं घासणं इनॅमलपुरतंच राहिलं. भूल द्यावी लागली नाही, आणि ही गोष्ट तिने मैत्रिणींना सांगितली ती सगळ्यांत आधी.

संक्रांत तोंडावर होती. तात्पुरती कव्हरं लावून तिला बजावलं की पुढच्या दातांनी काही चावायचं नाही. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर तिळाची वडी खाल्ली आणि एक कव्हर निघालं. दुसऱ्या दिवशी रुमालात बांधून घेऊन आली. पुन्हा चिकटवलं. तोवर दोन्ही कव्हरं हळदीने पिवळी पडली होती आणि तिला वाटलं आता खरी व्हिनियरही अशीच होणार. चकाकी दिलेलं सिरॅमिक हळदीने रंगत नाही, हे तिला पटवून सांगावं लागलं.

खरा पेच ट्रायलच्या दिवशी आला. दोनच दातांना व्हिनियर लावणं हे दहा दातांना लावण्यापेक्षा अवघड. दहा असतील तर सगळे एकसारखे पांढरे करून मोकळं होता येतं. दोन असतील तर ते शेजाऱ्यांशी जुळावे लागतात. म्हणून लॅबचे टेक्निशियन स्वतः दवाखान्यात येऊन शेड बघून गेले होते आणि त्यांनी लिथियम डायसिलिकेटच्या (एका मजबूत सिरॅमिकच्या) व्हिनियरमध्ये अगदी पुसट पांढऱ्या रेषा घातल्या होत्या, शेजारच्या दातांत आहेत तशाच. तिने आरशात पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "मॅडम, डाग घालवायला पैसे दिले आणि तुम्ही नवीन डाग काढून आणलेत?"

मी वाद घातला नाही. रेषा नसलेली एक साधी पांढरी जोडी टेक्निशियनकडे नमुन्यादाखल होती, ती ट्राय-इन पेस्टवर, म्हणजे न चिकटवता फक्त बघण्यापुरती, बसवली. तिला खिडकीच्या उजेडात उभं केलं आणि चार हात लांबून फोटो काढले, दोन्ही जोड्यांचे. मग फोन तिच्या हातात दिला. पांढऱ्या जोडीत दोन दात वेगळे उठून दिसत होते. रेषांच्या जोडीत कुठे काय केलंय ते सापडत नव्हतं. बराच वेळ ती दोन्ही फोटो मागेपुढे करत राहिली. मग म्हणाली, "कॉलरला बकरम लावतो तसंच की. कापडाशी जुळलं नाही तर बाहेरून कळतं." तिच्याच धंद्यातून आलेलं हे वाक्य मी त्यानंतर किती पेशंटना ऐकवलं आहे.

चिकटवतानाचा तपशील दंतवैद्य वाचकांसाठी थोडक्यात: रबर डॅम, सिरॅमिकला ५ टक्के हायड्रोफ्लोरिक आम्ल २० सेकंद आणि मग सिलेन, दाताला ३७ टक्के फॉस्फरिक आम्ल, फ्लोरोसिसमुळे नेहमीपेक्षा जास्त वेळ. निव्वळ लाइटने घट्ट होणारं रेझिन सिमेंट, कारण दुहेरी प्रकारचं कालांतराने पिवळसर होऊ शकतं आणि इतक्या पातळ व्हिनियरमधून ते दिसतं.

व्हिनियर लागल्यावरचं आयुष्य कसं असेल यावर मी जितका वेळ दिला तितका लावण्यावरही दिला नसेल. धागा तोडायला छोटं कटर, ते मशीनच्या बाजूला दोरीने बांधलेलं, म्हणजे शोधावं लागणार नाही. कडक भाकरी सोडायला मी सोलापुरात कुणाला सांगणार नाही. हाताने तोडायची, आमटीत मुरवायची, दाढांनी खायची. शेंगाची चटणी खुशाल. ऊस मात्र दातांनी सोलायचा नाही, तुकडे करून आणायचा. बाटलीचं झाकण, पिन, सेफ्टी पिन दातात धरायची नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी.

सहा महिन्यांनी ती आली तेव्हा दोन्ही व्हिनियर जागेवर, कडा बंद, हिरडी गुलाबी, रक्त नाही. दात जिवंत. उजव्या सुळ्याचा ठिपका होता तसाच. तिथेही व्हिनियर लावू का, असं तिने विचारलं होतं. त्या ठिपक्यासाठी निरोगी सुळा घासायला माझा विरोध होता. आता तीच म्हणाली, राहू दे, मलाच शोधावा लागतो. एकूण खर्च दहा कॅपच्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी झाला. वेळ मात्र दोन बैठकांऐवजी अडीच महिने लागला. नव्या कामावर ती रुजू झाली होती. पाहुण्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. मावशींचा तज्ज्ञांकडचा अहवाल चांगला आला होता. मिश्री दिवसातून एकदावर आली आहे, बंद झालेली नाही, आणि प्रत्येक भेटीत मी त्यांच्या ओठाची आतली बाजू पाहते.

या वेळी दोघींबरोबर आजोळची मामी होती, आठ वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा घेऊन. मुलीचे नवे पुढचे दात खडूसारखे पांढरे आले होते. मामीची मागणी सरळ होती: हिलापण ताईसारखं करा. मी नाही म्हटलं. या वयात दातातली नस मोठी असते, हिरडीची कड अजून खाली-वर होत असते, व्हिनियर लावायचं वय पुढे आहे आणि तोवर कदाचित त्याची गरजही उरणार नाही. तपकिरी डाग दात आल्यानंतर हळूहळू चढतात, ते ब्लीच आणि मायक्रोअॅब्रेजनने पुढे काढता येतील.

धाकट्याचं तसं नव्हतं. त्याचे कायमचे पुढचे दात आत्ता, याच महिन्यांत हाडाच्या आत घडत होते. मामी पाणी उकळून देत होत्या आणि त्यांना वाटत होतं तेवढं पुरेसं आहे. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. साधा कँडलचा फिल्टरही ते अडवत नाही. आरओ अडवतो. गावपातळीवर नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली, तुरटी आणि चुना वापरायची नालगोंडा पद्धत आहे. मी मामींना आधी बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यायला सांगितलं आणि तोवर मुलाचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी दुसऱ्या स्रोतातून आणायला सांगितलं. गावात आरओचं पाणी कॅनमध्ये मिळतं. धाकट्यासाठी आता तेच येतं, आणि मोठीचे दात दर वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत दाखवायचे ठरलं आहे.